खुर्द्याची गणती

७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. आदमपूरच्या तळावरून भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची मिस्टेअर विमाने पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या तळावर हल्ला करायला निघाली. कामगिरी १२ विमानांची होती. ऐनवेळी एखादे विमान गळाले तर अडचण नको म्हणून काही वैमानिक राखीव ठेवले होते. त्या राखीव वैमानिकांपैकी एक होते स्क्वॉड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या, कोडगूचे. एक विमान मागे राहिले आणि देवय्यांनी त्याची जागा घेतली. हल्ला करून बाकीची विमाने तळावर उतरली. देवय्यांचे विमान उतरले नाही. अंधुक उजेडात, जमिनीला चिकटून उडताना त्यांचे काय झाले हे सोबत्यांपैकी कोणीच पाहिले नव्हते. नावापुढे शेरा पडला : बेपत्ता.

हा शेरा तसाच राहिला असता. पण १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरचे पुस्तक आले. ते पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने, त्यांच्या नोंदींच्या आणि वैमानिकांच्या आधाराने लिहिलेले होते. ७ सप्टेंबरला पाकिस्तानचे एक स्टारफायटर विमान पडले ते एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत, असे त्यात आले. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, आणि मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही न गाठणारे. स्टारफायटरचे वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचले होते आणि समोरच्या मिस्टेअरच्या वैमानिकाने झुंज सोडली नाही, हे त्यांनीच सांगितले होते. तो वैमानिक कोण, हे पाकिस्तानात कोणाला ठाऊक नव्हते. इकडे त्या पहाटेच्या हल्ल्यातून न परतलेले मिस्टेअर एकच होते. त्या हल्ल्याचे नेतृत्व करणारे ओ. पी. तनेजा यांनी हा धागा धरून पाठपुरावा केला. १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले.

या घटनेवर अलीकडे चित्रपटही आला, त्यामुळे शौर्याची बाजू पुष्कळांना माहीत आहे. मला मात्र तिच्यातली दुसरी बाजू अस्वस्थ करते. ज्या माणसाला देशाने आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या युद्धसन्मानाला पात्र ठरवले, त्याचा शेवट कसा झाला हे देशाला शत्रूच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकातून कळले. ते पुस्तक निघाले नसते, किंवा अमजद हुसेन त्या दिवशी वाचले नसते, तर देवय्या आजही यादीतले एक नाव असते. अशी किती नावे आज नुसती यादीत पडून असतील?

युद्धातल्या हवाई हानीचे संशोधन म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे कोणी समजावून सांगत नाही. लोकांना वाटते, हा विमानांच्या शौकिनांचा छंद. प्रत्यक्षात ते तलाठ्याच्या दफ्तरासारखे काम आहे. प्रत्येक विमानाला एक क्रमांक असतो, इंजिनांना त्यांचे क्रमांक असतात. स्क्वॉड्रनच्या दैनंदिन नोंदवहीत कोण, कोणत्या विमानातून, किती वाजता उडाले आणि किती वाजता उतरले हे लिहिलेले असते. उतरण्याच्या वेळेचा रकाना रिकामा दिसला की तिथून काम सुरू होते. मग वैमानिकाचे लॉगबुक, चौकशी मंडळाचा अहवाल, घरी गेलेली तार, विरुद्ध बाजूच्या विमानवेधी तुकडीचा दावा, शेतात धूर पाहिलेल्या म्हाताऱ्याची आठवण, आणि कधी चिखलातून निघालेली हाताएवढी धातूची पट्टी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बेपत्ता विमानासाठी जो अहवाल ठरवून दिला, त्यात माणसांची नावे तर होतीच, पण इंजिनांचे आणि मशीनगनांचेही क्रमांक नोंदवायचे होते. पुढे कधी तरी जंगलात फक्त बंदूकच सापडेल, एवढा विचार त्या नमुन्यामागे होता.

एक आकडा चुकला तर काय होते, याचे उदाहरण हॉलंडमध्ये घडले. २००८ साली मार्करमीर या सरोवरातून बुडालेल्या विमानाचा एक भाग वर आला. अभ्यासकांनी तो बीके ७१० या ब्रिटिश स्टर्लिंग बॉम्बरचा मानला आणि वर्षानुवर्षे तेच धरून सगळे चालले होते. नंतर कसून तपास झाला तेव्हा कळले की ते विमान बीके ७१६ आहे. शेवटच्या एका आकड्याचा फरक, पण त्या फरकात दोन विमानांतली माणसे आणि त्यांची घरे बदलतात. एका बाजूच्या नातलगांची आशा मावळली, आणि दुसऱ्या बाजूच्या नातलगांना कळले की मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या हल्ल्यावरून न परतलेला आपला माणूस पाण्याच्या तळाशी आहे. २०२० साली डच सरकारच्या खर्चाने, आल्मेरे शहराजवळ बांध घालून, गाळ चाळून ते विमान वर काढले गेले. त्यात ७ जण होते. ते परक्या देशांचे सैनिक होते, डचांचे नव्हते. तरीही आपल्या जमिनीत आणि पाण्यात ज्या बुडालेल्या विमानांत माणसे सापडण्याची शक्यता आहे, ती बाहेर काढायची असा राष्ट्रीय कार्यक्रमच त्या छोट्या देशाने आखला आहे.

ब्रिटनने स्वतःही हे काम मोठ्या प्रमाणावर केले. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या हवाई दलाचे जवळजवळ ४२ हजार लोक बेपत्ता होते. एकट्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मेले होते. बेपत्तांच्या शोधासाठी हवाई दलाने खास तुकड्या उभारल्या. त्यांनी युरोपातली गावे पालथी घातली, पाद्र्यांच्या दफनवह्या तपासल्या, ब्रह्मदेशाच्या जंगलात मोहिमा काढल्या आणि निम्म्याहून अधिक माणसांचा पत्ता लावला. ज्यांचा लागलाच नाही, अशा २० हजारांहून अधिक जणांची नावे लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. साम्राज्याने आपल्याकडे काय केले ते मी विसरत नाही. पण मेलेल्याचे नाव टिकवण्याची ही चिकाटी शिकण्यासारखी आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. त्या चिकाटीचा लाभ आपल्या माणसांनाही झाला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. जून १९१८ अखेर त्यांचे विमान पडले आणि तीन दिवसांनी, जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी प्राण सोडले. फ्रान्समधल्या सोम भागातल्या हांगार येथे त्यांची कबर आहे आणि तिच्यावर त्यांचे नाव आहे. शंभर वर्षे उलटली, आजही कोणी मराठी माणूस जाऊन तिथे उभा राहू शकतो.

आपल्याकडे बेपत्ता योद्ध्याची वेदना नवी नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ गेले की आहेत, हा प्रश्न पुण्याला वर्षानुवर्षे छळत राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. त्या अनिश्चिततेच्या जागेतच भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, फौज गेली, आणि १७७६ साली त्याला देहदंड देईपर्यंत पेशवाईला त्याने हैराण केले. खात्रीची बातमी नसली की पोकळी राहते, आणि ती पोकळी कोणी ना कोणी भरतोच. पानिपतची बातमी घेऊन आलेल्या सांकेतिक पत्रात मोती मोजले होते, मोहरा मोजल्या होत्या. खुर्द्याची मात्र गणती नसल्याचे त्यात म्हटले होते. आपण ते पत्र हळहळून वाचतो. मला वाटते, त्यातल्या शेवटच्या भागाची आपल्याला लाज वाटायला हवी. खुर्दा म्हणजे माणसेच होती, आणि आधुनिक राज्याला त्यांची गणती नाही असे म्हणण्याची मुभा नाही.

आपल्या धर्मशास्त्राने ही अडचण ओळखली होती. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या, शस्त्राने गेलेल्यासाठी तिच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी, देहच हाती लागला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून पालाशविधी. परंपरेने सोय केली ती मागे उरलेल्यांसाठी. पण हा विधी कधी करायचा, हे ठरवणार कोण? त्यासाठी कोणी तरी तोंडावर सांगावे लागते की आता वाट पाहू नका.

१९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ विमान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकिस्तानात शोरकोटजवळ पडले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली आणि त्यात तांबे या नावाच्या अगदी जवळचे एक नाव होते. डिसेंबर १९७२ मध्ये भारतीय युद्धकैदी वाघा सीमेवरून परतले. रावळपिंडीच्या छावणीतून निसटण्याचा अचाट प्रयत्न करणारे दिलीप पारुळकर त्यांत होते. तांबे नव्हते. दमयंतीबाईंनी त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ हा प्रश्न सोडलेला नाही. ज्यांना आपण ‘१९७१ चे बेपत्ता ५४’ म्हणतो त्यांत हवाई दलाचे २० हून अधिक जण आहेत. १९७९ साली लोकसभेत त्यांची नावे मांडली गेली. १९८३ आणि २००७ मध्ये नातलग पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये जाऊन आले, आणि रिकाम्या हाताने परतले. आमच्याकडे कोणी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे.

इथे संशोधनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हलका मानत नाही. म्हणतात, कागद चाळून तुम्ही उद्या सिद्ध कराल की अमुक वैमानिक विमानासह जळाला. ज्या बाईने आयुष्यभर आशेवर दिवस काढले तिची आशा तुम्ही का हिरावता? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आशा हिरावण्याचा हक्क कोणालाच नाही, हे खरे. पण ५४ जणांची एकत्र यादी करून, तिच्यावर दर काही वर्षांनी भाषणे करून आपण त्या घरांना आशाही दिलेली नाही आणि उत्तरही दिलेले नाही. पत्रकार चंदर सुता डोगरा यांनी आपल्या पुस्तकासाठी यातली प्रकरणे एकेक करून तपासली, तेव्हा सगळी एका साच्यातली नाहीत हे दिसले. काही जण युद्धातच गेले असावेत असे सांगणारा पुरावा आहे. काहींबाबत ते जिवंत पकडले गेले होते असे मानायला जागा आहे. ज्यांच्याबाबत पुरावा मृत्यूकडे बोट दाखवतो त्यांच्या घरी तो पुरावा सन्मानाने पोचवला असता, तर उरलेल्या नावांसाठी पाकिस्तानपुढे आपला आवाज कितीतरी ठाम झाला असता. सगळ्यांना एका मोटेत बांधल्यामुळे खरी जिवंत प्रकरणेही संशयास्पद ठरली. माझ्या मते हा आपल्या बाजूचा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरा आक्षेप मनोबलाचा. हानी सांगितली तर शत्रूला आनंद होतो, सैन्य खचते, म्हणून आकडे झाकलेले बरे. युद्ध चालू असताना हे समजू शकते. पन्नास-साठ वर्षांनंतर समजू शकत नाही. शिवाय हानी झाकणारा देश विजयाचाही हिशेब ठेवू शकत नाही, कारण हवाई युद्धात विजय मोजायची एकच विश्वासार्ह पट्टी आहे : समोरच्याची नुकसानीची वही. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर जर्मन नोंदी उघडल्या तेव्हा खरा आकडा ६० च्या आसपास निघाला. कोणी मुद्दाम खोटे बोलले नव्हते. एकाच जळत्या विमानावर तीन जण गोळ्या झाडतात आणि तिघेही आपापल्या परीने खरे सांगतात. सरगोध्याचेच पाहा. देवय्या गेले त्याच दिवशी तिथे पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच भारतीय हंटर विमाने पाडल्याचा दावा केला, आणि तो पाकिस्तानात शाळेच्या धड्यासारखा घोटला गेला. भारतीय नोंदी सांगतात की त्या सकाळी तिथे स्क्वॉड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार परतले नाहीत आणि स्क्वॉड्रन लीडर काकर कैदी झाले. म्हणजे तीन हंटर. हे ठामपणे म्हणता येते ते आपली हानी नावानिशी मांडली म्हणून. आपल्या बाजूचे दावेही याच चाळणीतून गेले पाहिजेत, मग काही पदकांच्या कहाण्या थोड्या बदलल्या तरी चालतील. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ च्या हवाई युद्धावर २००५ साली लिहिलेल्या पुस्तकात हेच केले आणि दोन्ही बाजूंची हानी शेजारी शेजारी ठेवली. ते दोघे काही सरकारी इतिहासकार नव्हते.

सरकारी इतिहासाची गोष्ट वेगळीच. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे इतिहास तयार करून घेतले आणि ते वर्षानुवर्षे कपाटात राहिले. २००० साली एका इंग्रजी दैनिकाने ते लोकांपुढे आणले तेव्हा कोठेही आभाळ कोसळले नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले की २५ वर्षांहून जुने कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायचे. धोरण चांगले आहे. पण १९६५ आणि १९७१ च्या स्क्वॉड्रन नोंदवह्या आणि विमान-हानीच्या चौकशीचे अहवाल एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने अर्ज भरून टेबलावर मागवावेत आणि त्याला ते मिळावेत, असा दिवस यायला हवा. लंडनच्या क्यू भागातल्या अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अनेक विमान-हानींच्या फाइली अशाच मागवता येतात, आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

आपल्याला क्षमता नाही असेही नाही. बंगालच्या उपसागरावर जुलै २०१६ मध्ये २९ जणांसह नाहीसे झालेले एएन-३२ विमान आपल्याच राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने सुमारे ३,४०० मीटर खोलीवर शोधले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची खात्री झाली. त्याआधीची गोष्ट रोहतांगची. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेले एएन-१२ विमान खराब हवेमुळे माघारी वळले आणि १०२ जणांसह हरवले. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष दिसले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे ५६ वर्षांनी, तिथून आणखी ४ मृतदेह खाली आणले. काहींची ओळख सोबतच्या कागदांवरून पटली. त्या विमानात कोणी प्रसिद्ध लढाऊ वैमानिक नव्हते. जवान होते, कारागीर होते. ही दोन्ही उड्डाणे युद्धाची नव्हती, पण हिशेब तोच लागू होतो. मोत्यांचा शोध सगळेच घेतात. हिमनदीत उतरून खुर्दा वेचणाऱ्या डोग्रा स्काउट्सच्या आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या माणसांना माझा नमस्कार.

शत्रूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९ सप्टेंबर १९६५ ला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे विमान कच्छमध्ये सुथरीजवळ पाडले गेले आणि आतले सर्व ८ जण गेले. पाडणारे पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ साली, ४६ वर्षांनी, त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनीयर यांच्या मुलीला पत्र लिहिले. काय घडले, आदेश कसा आला, हे सगळे सांगून त्यांनी दुःख व्यक्त केले, आणि मुलीने त्यांना मोठ्या मनाने उत्तर दिले. अमजद हुसेन यांच्या तोंडून देवय्या समजले, कैस हुसेन यांच्या पत्रातून त्या विमानाची शेवटची मिनिटे समजली. ही पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही सरकारांनी एवढे तरी करावे : १९६५ आणि १९७१ च्या हवाई हानीच्या नोंदी एकमेकांना द्याव्यात. यात कोणाची सीमा हलत नाही, कोणाचे गुपित फुटत नाही. फार तर काही अभिमानाच्या कहाण्या दुरुस्त कराव्या लागतील.

आणि तुम्हालाही एक विनंती. तुमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, हवाई दलात असलेल्या आजोबांचे, काकांचे, मामांचे लॉगबुक असेल. ते फक्त वैमानिकांचेच असते असे नाही. नॅव्हिगेटरचे, फ्लाइट इंजिनीयरचेही असते. तळावरच्या मेकॅनिकची वही असेल, पाठीमागे काहीच न लिहिलेले फोटो असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत देऊ नका. फोटोतल्या माणसांची नावे, विमानाचा क्रमांक, गाव आणि साल पेन्सिलीने मागे लिहा. जे हयात आहेत त्यांच्याजवळ बसून विचारा की त्या दिवशी कोण परतले नाही. आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवा.